पुढचं पीक येईपर्यंतचा पैसा

पीककर्जाच्या फाइलमध्ये शेतकरी जागोजागी सह्या करतो. कर्जाची रक्कम, व्याजाचा दर, पिकाचं नाव, गट नंबर, सातबारावर बोजा चढवायची संमती, हमीदाराचा कागद, सगळं त्यात असतं. एक गोष्ट नसते. या माणसाच्या हातातला कोणता पैसा घर आणि शेत चालवून उरलेला, म्हणजे मोकळा समजायचा आणि कोणता समजायचा नाही, याबद्दल एक ओळ नसते. व्याख्या लिहिलेली नसली की व्यवहार आपली व्याख्या लावून मोकळा होतो: वसुलीच्या दिवशी खात्यात जे दिसेल ते सगळं शिल्लक.

विदर्भातल्या थकबाकीची चर्चा भाव, पाऊस आणि सिंचन या तीन खुंट्यांभोवती फिरते. तिन्ही खरेच आहेत. पण करारातली ही रिकामी जागा त्या चर्चेत कधी येत नाही, आणि तिच्यामुळे होणारं नुकसान पावसाने होणाऱ्या नुकसानीपेक्षा लवकर दुरुस्त करता येण्यासारखं आहे, असं माझं मत आहे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात यवतमाळ, वाशीम, बुलडाण्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बँकेत आणि सोसायटीत जी धावपळ दिसते तिला गावात 'नवं-जुनं' म्हणतात. जुनं कर्ज भरायचं आणि त्याच जमिनीवर नवं उचलायचं. कापूस विकून आलेला पैसा तोवर वेचणीच्या मजुरीत, कृषी केंद्राच्या उधारीत, मुलीच्या वसतिगृहाच्या फीमध्ये गेलेला असतो. मग आठ-पंधरा दिवसांसाठी कुणाकडून तरी रक्कम उचलायची, बँकेत भरायची, नवं कर्ज हाती आलं की परत करायची. मधल्या दिवसांचं व्याज शेकड्यामागे ठरतं आणि ते वर्षाच्या हिशोबाने मोजायला कुणी बसत नाही, बसला तर त्याला घाम फुटेल. हा खटाटोप वेडेपणाचा नाही. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर वेळेत फेड करणाऱ्याला केंद्राची ३ टक्के सवलत मिळते, ७ टक्क्यांचं व्याज ४ वर येतं, आणि उरलेला भार राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उचलला जातो. शून्य टक्के व्याजाचा लाभ टिकवण्यासाठी शेतकरी मार्चमध्ये सावकाराला व्याज देतो, अशी ही गंमत आहे.

वसुलीच्या तक्त्यात हा शेतकरी नियमित कर्जदार म्हणून नोंदला जातो. तक्ता खोटा नसतो, पण त्या दिवशी मोजली गेली ती त्याची ऐपत नव्हे, त्याची ओळखपाळख. ज्याला आठ दिवसांसाठी लाखभर रुपये देणारा माणूस आहे तो नियमित, ज्याला नाही तो थकीत. दोघांच्या शेतात, पिकात आणि घरखर्चात तसूभर फरक नसला तरी.

एका ठरलेल्या दिवशी पैसा मोजायचा म्हटलं की तो दिवस सजवला जातो, हे मोठ्या कर्जांच्या दुनियेत फार पूर्वीच कळलेलं आहे. कंपन्याही तिमाही संपताना देणी दोन दिवस लांबवतात, येणी दोन दिवस आधी गोळा करतात आणि ताळेबंदात रोकड गुबगुबीत दाखवतात. म्हणून काही करारांत एका दिवसाऐवजी महिन्याची किंवा तिमाहीची सरासरी शिल्लक पाहण्याची अट घातलेली असते. मुळात मोठ्या कंपनीच्या कर्जकराराचा बराच भाग व्याख्यांनीच भरलेला असतो. 'रोकड' म्हणजे काय? दुसरीकडे गहाण नसलेली, कधीही वापरता येणारी रक्कम. जवळच्या काळात मुदत संपणारी ठेव धरायची, पण उपकंपनीत अडकलेला आणि इकडे आणता न येणारा पैसा धरायचा नाही. मंजूर झालेली पण न उचललेली कर्जमर्यादा धरायची की नाही, हेही लिहून ठेवायचं. 'अतिरिक्त रोकड' म्हणजे काय? वर्षभराच्या कमाईतून कर वजा, यंत्रसामग्रीचा खर्च वजा, वाढलेल्या खेळत्या भांडवलाची गरज वजा, आधी भरलेले हप्ते आणि व्याज वजा. एवढं होऊन उरेल त्यातला ठरलेला हिस्सा, अनेकदा निम्मा, बँकेने मुदतीआधीच्या फेडीसाठी घ्यायचा, आणि कंपनीवरचं कर्ज उतरत गेलं की तो हिस्साही कमी करायचा. हे सगळं लेखापरीक्षण झालेल्या हिशोबावरून, वर्षातून एकदा.

आपल्या रस्त्यांचंच घ्या. महामार्ग बांधून टोल वसूल करणाऱ्या कंपनीशी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण जो नमुना करार करतं, त्यात एस्क्रो खात्यातून, म्हणजे ठरलेल्या अटींनुसारच पैसा सोडणाऱ्या राखण खात्यातून, पैसा कोणत्या क्रमाने बाहेर पडेल ते ठरवून दिलेलं आहे. आधी कर, मग बांधकाम आणि देखभाल-दुरुस्ती, त्यानंतर बँकांचं देणं. कारण उघड आहे. रस्त्यावर खड्डे पडले तर टोल येणार नाही आणि टोल आला नाही तर बँकही बुडेल. देखभालीचा पैसा बँकेच्या आधी बाहेर काढण्यात बँकेने कुणावर मेहेरबानी केलेली नाही.

शेतात या देखभालीच्या जागी काय येतं? पुढच्या हंगामाचं बियाणं, पहिलं खत, पाळी-पेरणी, आणि नवं पीक येईपर्यंत घरातल्या माणसांचं पोट. करारातल्या क्रमात हे कुठेच नाही. बँकेचा हप्ता भरून उरलं तर शेत, अशी उलटी उतरंड आहे.

हिंगणघाट, वणी किंवा अकोटचा जिनिंगवाला घ्या. त्याच्या कॅश क्रेडिट खात्याची उचल किती ठेवायची हे ठरवताना बँक त्याच्या गोदामातल्या गाठी मोजते आणि त्याची येणी, म्हणजे साधारण ९० दिवसांच्या आतली उधारीही, मार्जिन कापून हिशोबात धरते. माल विकलाय, पैसे यायचे आहेत, हे तिथे मालमत्ता म्हणून चालतं. भंडारा-गोंदियाच्या धान उत्पादकाने आधारभूत केंद्रावर धान घातलं, पावती हातात आहे, पण चुकारे, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, अडकलेत, तर ती पावती पीककर्जाच्या वसुलीत कवडीच्या मोलाची. सरकारकडे येणं बाकी असलेला माणूस बँकेकडे थकीत ठरतो. खासगी सूत गिरणीकडे उधारी असलेला जिनिंगवाला मात्र नियमित. यातला कोणता देणेकरी जास्त भरवशाचा, हे बँकेला शिकवायची गरज नसावी.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं त्या मुद्द्याकडे येतो. शेतकऱ्याचा कोणता माल कर्जापोटी घेता येत नाही, याची व्याख्या भारतीय कायद्यात नाही असं नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० सांगतं की न्यायालयाच्या हुकूमनाम्याखाली शेतकऱ्याची औतं-अवजारं, उपजीविकेसाठी गरजेची तेवढी जनावरं आणि बियाण्याचं धान्य जप्त करता येणार नाही. त्यापुढचं कलम ६१ आणखी एक पाऊल टाकतं. जमिनीची नीट मशागत आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाचा निर्वाह 'पुढचं पीक येईपर्यंत' व्हावा, त्यासाठी लागेल तेवढा शेतमाल जप्तीतून वगळण्याचा अधिकार ते राज्य सरकारला देतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, इंग्रजांच्या अमदानीत, कायदा लिहिणाऱ्याला कळलं होतं की शेतीतल्या मोकळ्या पैशाची सीमा तारखेने ठरत नाही, पुढच्या पिकाने ठरते.

मग हे संरक्षण निकामी कसं झालं? रद्द कुणी केलं नाही. बियाण्याचं रूप बदललं. पूर्वी बियाणं कोठीत किंवा कणगीत असायचं, ते धान्य म्हणून डोळ्यांना दिसायचं आणि बेलिफाला हात लावता यायचा नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच विदर्भातल्या जवळजवळ सगळ्या कपाशीचं बियाणं पाकिटात गेलं. संकरित वाणाची सरकी राखून पेरता येत नाही. ४७५ ग्रॅमचं पाकीट दरवर्षी विकत घ्यायचं, सरकारने ठरवून दिलेल्या दराने, २०२५ च्या हंगामात ९०१ रुपयांना. एकरी दोन पाकिटं धरली तरी पाच एकराला नऊ हजार. म्हणजे आजचं बियाण्याचं धान्य हे फेब्रुवारी ते जून या काळात बचत खात्यात पडलेली रोख रक्कम आहे. कणगीतल्या ज्वारीला कायदा हात लावू देत नव्हता, तिच्या जागी आलेल्या रुपयांना कुणीही हात लावू शकतो. शेतीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू अशी रोखीत बदलली आहे. बैलजोडीच्या जागी ट्रॅक्टरचं भाडं, शेणखताच्या जागी डीएपीची गोणी. वस्तूंना असलेलं संरक्षण पैशाला लावायचं मात्र राहून गेलं.

आणि हात लावणारा न्यायालय नसतो, शाखा असते. थकीत खातेदाराच्या बचत खात्याला 'होल्ड' लागतो, पैसा दिसतो पण निघत नाही, किंवा परस्पर कर्जखात्यात वळता होतो. ज्या हक्कांचा बँका आधार घेतात त्यांत १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७१ येतं, म्हणजे आपलं येणं वसूल होईपर्यंत ग्राहकाचा माल धरून ठेवण्याचा हक्क. त्या कलमात एक छोटी अट आहे, जी शेतकऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी पाठ करायला हवी: याविरुद्ध करार नसेल तर. म्हणजे कर्जकरारात एका परिच्छेदाने हा हक्क मर्यादित करता येतो. कायदा बदलायला नको, संसदेत जायला नको. तरीही होतं काय? अतिवृष्टीची मदत जाहीर झाली की ती कर्जात वळती करू नका असे आदेश सरकारला काढावे लागतात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते जमा झाले तेव्हा काही बँकांनी ते कापून घेतल्याच्या तक्रारी आल्या आणि सरकारला पुन्हा बँकांना समजवावं लागलं. दर वेळी नवा पैसा, नवा आदेश, नवी तक्रार. करारात एकदा लिहून टाकायचं सोडून आपण हंगामी परिपत्रकांवर भागवतो.

याचा परिणाम बाजारापर्यंत पोहोचतो. सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं भारतीय कापूस महामंडळ, कापसाचे पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात टाकते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. पण ज्याचं खातं थकीत आहे त्याच्या दृष्टीने खात्यात येणारे ८,११० आणि खेडा खरेदीत व्यापाऱ्याने दारात मोजून दिलेली त्याहून कमी रोकड, यांत दुसरी जास्त असते, कारण ती खर्च करता येते. ग्रेड, ओलावा, नोंदणीची कटकट ही कारणं आहेतच. त्यांच्या जोडीला हे कारणही आहे, आणि ते बोलून दाखवलं जात नाही, कारण बोलणारा स्वतःच थकीत असतो. काही जण नातेवाइकाच्या सातबारावर माल घालतात. बँकेला जो पैसा पाहायचा आहे तो तिच्याच धाकाने तिच्या नजरेआड जातो.

मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गटांतून मिळणाऱ्या छोट्या कर्जात तर निदान मोजमाप आहे, असं कुणी म्हणेल. आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे विनातारण कर्ज देता येतं आणि सगळ्या कर्जांचे मिळून मासिक हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. हेतू चांगला. पण हे मोजमाप कोरडवाहू घराला लावून पाहा.

समजा राळेगाव तालुक्यातलं पाच एकरांचं एक कुटुंब आहे. तीन एकर कापूस, १८ क्विंटल, ७,००० च्या भावाने १,२६,०००. दोन एकर सोयाबीन, १२ क्विंटल, ४,००० ने ४८,०००. आंतरपीक तूर तीन क्विंटल, २१,०००. बाईची वर्षभराची मजुरी ४५,०००. एकूण २,४०,०००. बाराने भागलं की महिन्याला २०,०००, त्याचे निम्मे १०,००० रुपयांपर्यंत हप्ता नियमात बसतो. आता खर्च मांडा. एकरी २०,००० लागवड खर्च धरला तर एक लाख गेला. घरखर्च महिन्याला ८,००० धरला, तोही हात आखडून, तर ९६,००० गेले. वर्षाअखेरीस उरतात ४४,०००, म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांच्या थोडे वर. अधिकृत मर्यादा खऱ्या मोकळ्या पैशाच्या अडीचपटीहून मोठी आहे. उत्पन्न मोजताना खर्च आधीच वजा केला असं धरलं, तरी निम्म्याचा आकडा ५,८०० च्या आसपास येतो, तोही जास्तच. कारण निम्मं उत्पन्न म्हणजे शिल्लक नव्हे. नोकरदाराच्या पगारावर बेतलेली ही पट्टी आहे. पगारदाराला पगार मिळवण्यासाठी आधी एक लाख रुपये जमिनीत पेरावे लागत नाहीत.

बाराने भागण्याचा घोळ याहून मोठा. या घरात पैसा येतो ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर तो फक्त जातो. निंदणाच्या बाया, फवारणी, शाळेची पुस्तकं, पोळ्याचा सण, सगळं त्याच चार महिन्यांत. त्या चार महिन्यांतही गटाची मीटिंग ठरल्या वारी भरते आणि हप्ता ठरल्या वेळी द्यावा लागतो. मग एका कंपनीचा हप्ता दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून जातो, आणि हेही एक प्रकारचं नवं-जुनंच, फक्त वर्षाला नव्हे तर महिन्याला. वास्तविक त्याच २०२२ च्या निर्देशांत कर्जदाराच्या गरजेप्रमाणे हप्त्यांच्या कालावधीत लवचीकता ठेवण्याचं धोरण संस्थांनी करावं असं सांगितलेलं आहे. कापसाच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत मोठा हप्ता आणि पावसाळ्यात नुसतं व्याज, असं वेळापत्रक बसवायला त्यात आडकाठी नाही. वसुलीचा माणूस दर आठवड्याला गावात आला की शिस्त राहते, असं कंपन्यांचं म्हणणं. शिस्त राहते खरी, घरातलं सोनंही हलतं.

व्याख्येतली आणखी एक फट इथे सांगायला हवी. या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. आपल्याकडे सातबारा बहुधा सासऱ्याच्या नावावर असतो. पीककर्जही त्याच्याच नावावर. सुनेच्या नावावर गटाचं कर्ज निघताना शेताचं उत्पन्न सांगितलं जातं, सासऱ्याचं पीककर्ज मात्र त्या कुटुंबाबाहेरचं ठरतं. चूल एकच असते. आणि कृषी केंद्राची उधारी तर कुठल्याच क्रेडिट ब्युरोत, म्हणजे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत, दिसत नाही, जरी हंगामात सगळ्यांत आधी वसूल होणारं देणं तेच असलं तरी.

घरखर्चाचा विचार पीककर्जात अगदीच नाही असं म्हणणंही चुकीचं ठरेल. २०१२ मध्ये सुधारलेल्या किसान क्रेडिट कार्ड योजनेच्या सूत्रात पिकाच्या कर्जदरावर १० टक्के रक्कम काढणीनंतरचा खर्च आणि घरखर्चासाठी, आणि २० टक्के शेतीच्या साधनांच्या दुरुस्तीसाठी वाढवून धरायची आहे. पिकापोटी लाखाची मर्यादा असेल तर घरासाठी वर्षाला दहा हजार, महिन्याला ८३३ रुपये. रक्कम हास्यास्पद आहे, पण तत्त्व मान्य झालेलं आहे: घर चालल्याशिवाय शेत चालत नाही. हे तत्त्व फक्त कर्ज देताना आठवतं. घेताना त्या ८३३ रुपयांचंही स्मरण राहत नाही.

गंमत अशी की बँकेला स्वतःसाठी हे सगळं उत्तम समजतं. तणावाच्या ३० दिवसांत जेवढा पैसा बाहेर जाऊ शकतो तेवढी चटकन रोख होणारी मालमत्ता व्यापारी बँकांनी कायम बाळगलीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे आणि १ जानेवारी २०१९ पासून तो पूर्ण १०० टक्के लागू आहे. ती मालमत्ता शिल्लक म्हणून वाटून टाका असं कुणी बँकेला सांगत नाही. शेतकऱ्याचे तणावाचे दिवस तीस नसतात. मृगापासून दसऱ्यापर्यंत चार महिने असतात, आणि त्यांची तारीख आधीपासून सगळ्यांना ठाऊक असते.

बँकेच्या बाजूनेही बोलायला हवं, आणि ती बाजू पोकळ नाही. नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तीन जिल्हा बँकांची काय गत झाली ते विदर्भाने पाहिलं आहे. ठेवी अडकल्या त्या शिक्षकांच्या, छोट्या व्यापाऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्याच. वसुली नसेल तर पुढचं कर्ज कुठून येणार, हा प्रश्न शाखाधिकाऱ्याने विचारला तर तो शेतकऱ्याचा वैरी ठरत नाही. शिवाय २००८, २०१७, २०१९ अशा कर्जमाफ्यांनी 'थांबून पाहू' ही सवय लावली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. राखीव रकमेची सोय केली तर जो तो सगळाच पैसा राखीव म्हणून दाखवेल, ही भीतीही रास्त.

पण राखीव रक्कम म्हणजे माफी नव्हे. कर्ज तेवढंच राहतं, फक्त कोणत्या पैशातून आणि कोणत्या महिन्यात फेडायचं ते ठरतं. आणि व्याख्या करायचीच तर ती दोन्ही बाजूंनी धारदार हवी, हे शेतकऱ्यांच्या संघटनांना कदाचित आवडणार नाही, तरी सांगतो. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. त्या वर्षी बँकांनी नेहमीचाच हप्ता घेतला. कंपनीच्या करारासारखी तरतूद असती तर हमीभावाच्या बऱ्याच वर मिळालेल्या पैशातला ठरलेला हिस्सा जुन्या थकबाकीत किंवा शेतकऱ्याच्याच नावाच्या राखीव खात्यात गेला असता आणि त्यानंतरच्या पडत्या भावात कामी आला असता. वाईट वर्षी हात राखायचा असेल तर चांगल्या वर्षी हात सैल करावा लागेल. किसान क्रेडिट कार्ड हे फिरतं खातं आहे, जानेवारीत भरलेला पैसा जूनमध्ये पुन्हा उचलता यावा हीच त्याची कल्पना. तरी आपल्याकडे शेतकरी एकदम उचलतो आणि शेवटच्या दिवशी एकदम भरतो, कारण आधी भरलेला पैसा परत हाती येईल याचा त्याला भरवसा नाही. राखीव रक्कम करारात लिहिलेली असेल तर तो भरवसा तयार होण्याची निदान शक्यता आहे.

हे मोजायचं कुणी? दर शेतकऱ्याच्या घरी जाऊन हिशोब मांडणं परवडणार नाही, हे मान्य. पण बरंचसं मोजमाप आधीच झालेलं असतं. कोणत्या पिकाला हेक्टरी किती खर्च येतो हे जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दरवर्षी ठरवते आणि त्यावरच पीककर्जाची मर्यादा निघते. कुठल्या पिकाचा हंगाम कधी संपतो हे राज्यस्तरीय बँकर्स समिती ठरवते, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अल्प मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावरच अनुत्पादित धरायचं असतं. म्हणजे बुडीत कर्जाच्या हिशोबात बँक पिकाचं कॅलेंडर पाळते, मार्चअखेरच्या वसुलीत मात्र आर्थिक वर्षाचं. वरूड-मोर्शीच्या संत्र्याचा मृग बहार मार्चमध्ये अजून झाडावर असू शकतो. गोंदियाच्या धानाचे चुकारे त्या सुमारास यायचे बाकी असू शकतात. कापसाची फरदड, म्हणजे हंगामानंतर राखलेलं पीक, संपलेली असते. तिघांना एकच तारीख लावण्यामागे सोय आहे, ती बँकेच्या हिशोबाची.

तेव्हा खरिपाआधी जिल्ह्याची समिती कर्जाचे दर ठरवायला बसेल, तेव्हा त्याच कागदावर तिने आणखी तीन रकाने आखावेत. त्या पिकासाठी पुढच्या हंगामापर्यंत हेक्टरी किती रक्कम खात्यात अस्पर्श राहील. घरासाठी माणशी किती. आणि फेडीचा महिना कोणता. कर्जकरारात एक परिच्छेद जोडावा की या रकमेवर आणि सरकारी मदतीच्या कुठल्याही पैशावर बँक धरून ठेवण्याचा वा वळता करण्याचा हक्क वापरणार नाही, आणि त्याहून जास्तीच्या पैशावर तो हक्क पूर्ण राहील. अंतिम पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत आली तर रकान्यातला आकडा आपोआप वाढावा, वेगळा आदेश निघायची वाट पाहू नये. सुरुवात यवतमाळ आणि गोंदियापासून करावी, दोन अगदी वेगळ्या पिकांचे जिल्हे, आणि कापूस व धान या दोन पिकांपुरती. पहिल्या वर्षी आकडे चुकतील. ते तपासून पाहायला समितीला नवं काहीच नको आहे, कारण लागवडीचा खर्च तिच्याच कागदावर लिहिलेला असतो. आज तो फक्त कर्ज मंजूर करताना वाचला जातो.